अंधारातला फोटो आणि प्रकाशाचा जमाखर्च



लग्नाचा हॉल असो, रात्रीची सभा असो की लेणीतले काळोखी दालन असो, घरी येऊन फोटो पाहावेत तर निम्मेअधिक हललेले निघतात. मग दोष कॅमेऱ्याला लागतो आणि दुकानदार सांगतो, ''एफ २.८ ची स्टॅबिलायझरवाली झूम लेन्स घ्या, सगळे प्रश्न मिटतील.'' त्या आकड्याचा अर्थ घरात कोणालाच ठाऊक नसतो. पण हप्ता मात्र सगळ्या घराच्या पोटातून जातो. म्हणून आज या विषयाचा हिशेब मांडावयाचा आम्ही ठरविले आहे.

निमित्त घडले ते दोन जणांच्या एकाच प्रश्नाचे. आमच्या वस्तीतला एक तरुण दिवसा कुरियरचे काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी लग्नाचे फोटो काढतो. त्याची आई बचत गटातून कर्ज उचलून त्याला अशी लेन्स घेऊन देण्याच्या बेतात आहे. दुसऱ्या आहेत एक शिक्षिका भगिनी. त्या शाळेच्या मुलांना घेऊन अजिंठ्याला जाणार आहेत आणि तिथली भिंतीवरची चित्रे नीट टिपून वर्गात लावावीत अशी त्यांची इच्छा आहे. दोघांनीही विचारले, ''ही लेन्स घ्यावी का?'' लेन्स तीच, प्रश्न तोच. पण उत्तर मात्र दोघांना वेगवेगळे द्यावे लागते. असे का, हेच आजच्या लेखात सांगावयाचे आहे.

आम्ही पडलो हिशेबाचे माणूस, तेव्हा हिशेबाच्याच भाषेत सांगतो. फोटो म्हणजे प्रकाशाचा जमाखर्च. चांगल्या फोटोसाठी ठराविक प्रकाश जमा व्हावाच लागतो. दिवसा उन्हात तो उदंड असतो. अंधारात तो कमी पडतो आणि ती तूट भरून काढण्याची खाती तीनच आहेत.

पहिले खाते लेन्सच्या तोंडाचे, म्हणजे अ‍ॅपर्चरचे. एफ २.८, एफ ५.६ हे आकडे त्याचेच. लेन्सच्या फोकल लांबीला त्या आकड्याने भागले की भोकाचा व्यास मिळतो. ५० मिलिमीटरची लेन्स एफ २.८ वर असेल तर व्यास सुमारे १८ मिलिमीटर, एफ ५.६ वर सुमारे ९ मिलिमीटर. म्हणजे आकडा लहान तर भोक मोठे. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होते, म्हणून एफ २.८ मधून एफ ५.६ च्या चौपट प्रकाश आत येतो. कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी १८-५५ लेन्स रुंद बाजूला एफ ३.५ असते आणि झूम करीत गेले की एफ ५.६ होते. जवळचा चेहरा घ्यावयाचा तेव्हाच ती प्रकाश कमी देते. महागडी झूम लेन्स मात्र सगळीकडे एफ २.८ राहते. हिलाच 'फास्ट' लेन्स म्हणतात.

दुसरे खाते वेळेचे. शटर जितका वेळ उघडे तितका प्रकाश जमा. पण तेवढ्या वेळात हात हलला की चित्र पुसटते. जुन्या फोटोग्राफर मंडळींचा ठोकताळा असा, की जितक्या मिलिमीटरची लेन्स, सेकंदाचा तितकावा भाग किंवा त्याहून कमी वेळ शटर उघडे ठेवावे. ५० मिलिमीटरला १/५० सेकंद. आपल्याकडील बहुतेक साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यांचा सेन्सर पूर्ण फ्रेमपेक्षा लहान असतो, त्यामुळे तिथे दीडपटीचा हिशेब धरून साधारण १/८० सेकंद समजावे.

तिसरे खाते आयएसओचे. हे खाते म्हणजे उसनवारी. आयएसओ वाढविला की कमी प्रकाशातही फोटो उजळ येतो. पण त्याचे व्याज दाण्यांच्या रूपाने फेडावे लागते. रंग मळकट होतात, बारकावे जातात. उसने घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही, पण किती घेतले याची नोंद डोक्यात हवी.

आता स्टॅबिलायझर. हा चौथे खाते नव्हे, ही दुसऱ्या खात्यातली सवलत आहे. लेन्सच्या आत सूक्ष्म जायरो सेन्सर बसविलेले असतात. ते हाताची थरथर मोजतात आणि काचांचा एक छोटा गट विद्युतचुंबकाच्या जोरावर उलट दिशेला सरकवितात. हात डावीकडे गेला तर काच अशी सरकते की सेन्सरवरचे चित्र जागच्या जागी राहावे. हे सेकंदाला असंख्य वेळा चालते. त्यामुळे १/८० ऐवजी १/१० सेकंदालाही हातात धरून स्थिर फोटो निघू शकतो. १/८० चे १/४०, १/४० चे १/२०, १/२० चे १/१०. दरवेळी वेळ दुप्पट. या प्रत्येक दुपटीला 'स्टॉप' म्हणतात, म्हणून हा झाला तीन स्टॉपचा फायदा.

ही युक्ती फार जुनी नाही. १९९४ साली निकॉनने एका छोट्या फिल्म कॅमेऱ्यात ती आणली. १९९५ साली कॅननने ७५-३०० मिलिमीटरच्या झूम लेन्समध्ये बसविली. एसएलआर कॅमेऱ्याला जोडता येणारी ती पहिली स्टॅबिलायझरवाली लेन्स. पण ती एफ ४ ते ५.६ होती, म्हणजे तोंड लहानच. मोठे तोंड आणि स्टॅबिलायझर दोन्ही एकत्र असलेली कॅननची ७०-२०० एफ २.८ लेन्स २००१ साली आली. हॉलमध्ये, घरात, लेणीत उपयोगी पडेल अशी कमी लांबीची १७-५५ एफ २.८ लेन्स २००६ साली निघाली. मग टॅमरॉनने २००९ साली आणि सिग्माने २०१० साली १७-५० एफ २.८ च्या स्टॅबिलायझरवाल्या लेन्स आणल्या. पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यासाठी अशी २४-७० लेन्स प्रथम टॅमरॉननेच २०१२ साली काढली. प्रत्येक कंपनीचे नाव निराळे. कॅनन आयएस म्हणते, निकॉन व्हीआर, सिग्मा ओएस, टॅमरॉन व्हीसी, सोनी ओएसएस. काम मात्र एकच.

इथपर्यंत वाचून वाटेल, की मग दुकानदार काय चुकीचे सांगत होता? त्याने एक गोष्ट सांगितली नाही. स्टॅबिलायझर तुमच्या हाताची थरथर थांबवितो. समोरच्या माणसाचे हलणे थांबवीत नाही. सारी मेख इथेच आहे.

आता अजिंठ्याला चला. वाघोरा नदीच्या वळणावर घोड्याच्या नालाच्या आकाराच्या डोंगरात ही लेणी आहेत. चित्रे मुख्यतः १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेणींत उत्तम टिकून आहेत. पहिल्या लेणीतला पद्मपाणी, सतराव्या लेणीतल्या जातककथा पाहावयास जगभरातून माणसे येतात. पण ही चित्रे मातीच्या गिलाव्यावर कोरड्या पृष्ठभागावर रंगविलेली, अत्यंत नाजूक. प्रकाशाने रंगांची होणारी हानी साठत जाते आणि ती भरून निघत नाही. म्हणून आत दिवे मंद असतात आणि फ्लॅशला मनाई आहे. ट्रायपॉड लावावयाचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी काढावी लागते. म्हणजे सहलीला गेलेल्या माणसाच्या हाती उरते काय? नुसता हात.

या चित्रांची नक्कल उतरविण्यासाठी लोकांनी आयुष्ये घालविली आहेत. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे तिथे राहून रंगीत प्रती केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा प्रती केल्या. त्यांतल्याही अनेक १८८५ च्या आगीत गेल्या. १९९० च्या दशकाच्या आरंभी बिनॉय बहल यांनी फ्लॅश न वापरता, शटर दीर्घ वेळ उघडे ठेवून मंद प्रकाशातच ही चित्रे टिपली. तेव्हा शिक्षिका भगिनींची इच्छा लहान समजू नये. मुलांच्या वर्गात पद्मपाणीचा स्वच्छ फोटो लागणे ही मोठीच गोष्ट आहे.

आणि त्यांची बाजू हिशेबात बळकट आहे, कारण भिंत हलत नाही. नाजूक वस्तूंसाठी संग्रहालयांतून ५० लक्स इतका मंद प्रकाश ठेवण्याची पद्धत आहे. लेणीच्या एखाद्या कोपऱ्यात तितकाच प्रकाश आहे असे समजू. आयएसओ १६०० ठेवला तर एफ २.८ वर साधारण १/४० सेकंद लागतो. एफ ५.६ वर चौपट वेळ, म्हणजे १/१० सेकंद. आता साधी १८-५५ लेन्स पुढे झूम केलेली आहे आणि तिच्यात तीन स्टॉपचा स्टॅबिलायझर आहे असे धरा. तिची मर्यादा १/८० वरून १/१० वर आली. म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या साध्या लेन्सवरही काम निभावते! मात्र लेन्सवर आयएस किंवा व्हीआर अशी अक्षरे आहेत की नाहीत हे आधी पाहावे. काही साध्या लेन्समध्ये ती सोय नसते.

मग एफ २.८ ची स्टॅबिलायझरवाली लेन्स जास्त काय देते? ती १/१० सेकंदाला वापरली तर आयएसओ १६०० वरून ४०० वर आणता येतो. उसनवारी चौथ्या हिश्श्यावर येते. दाणे कमी होतात, रंग उघडतात. हा फायदा खरा आहे; पण तो वर्षातून एकदा दोन दिवसांच्या सहलीसाठी विकत घेण्याजोगा नाही. मोठ्या शहरांत लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळते. भाड्याने आणावी, काम झाले की परत द्यावी. आणि चांगला मोबाइल असेल तर तोही कमी नाही. २०१८ साली गूगलने आणि २०१९ साली अ‍ॅपलने आपल्या फोनमध्ये रात्रीच्या फोटोची सोय आणली. फोन एकामागून एक अनेक फोटो घेऊन त्यांची बेरीज करतो. न हलणाऱ्या भिंतीवर ही बेरीज छान जमते.

आता लग्नाच्या हॉलमध्ये या. इथे भिंत नव्हे, माणूस टिपावयाचा आहे. साधे चालणारे माणूस सेकंदाला सुमारे एक मीटर जाते. १/१० सेकंदात ते १० सेंटिमीटर सरकले. तुमचा स्टॅबिलायझर कितीही भारी असो, मागची भिंत ठळक येईल आणि नवरी पुसट! १/२५० सेकंदात तेच माणूस फक्त ४ मिलिमीटर सरकते. म्हणजे इथे वेळ कमी हवा, वाढीव वेळेची सवलत काय कामाची? बोलणाऱ्या वक्त्याला १/१२५, हार घालणाऱ्या हातांना, नाचणाऱ्या मुलांना १/२५० किंवा त्याहून कमी वेळ लागतो. इथे उपयोगी पडते ते लेन्सचे मोठे तोंड, आयएसओ आणि फ्लॅश. लग्नाच्या हॉलमध्ये फ्लॅशला मनाई नसते. तो चेहऱ्यावर थेट न मारता पांढऱ्या छताकडे फिरवून मारला, तर उजेड मऊ होऊन खाली येतो.

टॅमरॉनचेच उदाहरण घ्या. तिने १७-५० एफ २.८ लेन्स २००६ साली काढली, तिच्यात स्टॅबिलायझर नाही. वजन सुमारे ४४० ग्रॅम. २००९ साली तीच लांबी, तेच तोंड, पण स्टॅबिलायझरसह काढली. वजन ५७० ग्रॅम. हलणाऱ्या नवरानवरीसाठी दोघींचे काम सारखेच. मग त्या तरुणाने जुन्या बाजारात स्टॅबिलायझर नसलेली एफ २.८ पाहावी, उरलेल्या पैशांत चांगला फ्लॅश घ्यावा आणि जमल्यास ५० मिलिमीटरची एफ १.८ ची साधी लेन्स घ्यावी. ही छोटी लेन्स झूम होत नाही, पायांनी पुढेमागे व्हावे लागते. पण एफ २.८ च्या जवळजवळ अडीचपट प्रकाश देते आणि तिची किंमत त्या झूमच्या मानाने फारच कमी असते. नवी व्यावसायिक स्टॅबिलायझरवाली एफ २.८ झूम लाखाच्या पुढे जाते. बचत गटातल्या बायाबापड्यांचा पैसा त्यासाठी अडकविण्याची गरज नाही. उद्या तो व्हिडिओचेही काम घेऊ लागला तर गोष्ट निराळी. हातात धरून काढलेल्या व्हिडिओला स्टॅबिलायझर खरोखर लागतो. तेव्हा मिळकतीतून घ्यावी, कर्जातून नव्हे.

घेणाऱ्यांसाठी आणखी चार गोष्टी सांगतो.

पहिली, आपला कॅमेरा कोणता ते पाहा. कॅनन आणि निकॉनच्या डीएसएलआर कॅमेऱ्यांत अंगचा स्टॅबिलायझर नाही, तिथे तो लेन्समध्येच शोधावा लागतो. परंतु मिनोल्टाने २००३ साली सेन्सरच हलवून थरथर मारण्याची युक्ती आणली आणि आज अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत ती अंगचीच असते. सोनीची २०१६ ची २४-७० एफ २.८ आणि निकॉनची २०१९ ची झेड मालिकेतली तशीच लेन्स, दोन्ही महाग असूनही त्यांत स्टॅबिलायझर नाही, तो कॅमेऱ्यात आहे. एकाच कामाचे पैसे दोनदा मोजू नयेत.

दुसरी, डब्यावर लिहिलेल्या 'चार स्टॉप', 'पाच स्टॉप' यांवर पूर्ण भिस्त ठेवू नये. २०१२ पासून जपानी कॅमेरा उद्योगाच्या संघटनेने मोजणीची एक पद्धत ठरविली आहे. पण ती मोजणी यंत्रावर होते. दमलेल्या माणसाचा हात यंत्रासारखा नसतो. सांगितल्यापेक्षा एक स्टॉप कमी धरून चालावे.

तिसरी, वजन. २४-७० एफ २.८ स्टॅबिलायझरसह कॅननची २०१९ ची लेन्स ९०० ग्रॅम, निकॉनची २०१५ ची एक किलोच्या वर, आणि कॅननची २०२३ ची २४-१०५ तर १३३० ग्रॅम! चार तास हातात धरून उभे राहावयाचे आहे हे विसरू नये. वजनाने दमलेला हात जास्त थरथरतो.

चौथी, जुनी लेन्स घेताना टॉर्च सोबत न्यावा. मुंबईत बोरा बाजारात जुन्या मालाची दुकाने आहेत. लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार टाकून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का ते पाहावे. आपल्या दमट हवेत हा रोग फार. स्टॅबिलायझर चालू करून शटरचे बटण अर्धे दाबावे. बारीक गुणगुण ऐकू येते आणि समोरचे चित्र स्थिरावते. ते उड्या मारू लागले तर लेन्स खाली ठेवावी आणि नमस्कार करून निघावे. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

आणि फुकटची विद्या शेवटी. कोपरे छातीशी घट्ट धरा, डावा हात लेन्सखाली ठेवा, पाय थोडे फाकवून उभे राहा. श्वास अर्धा सोडून थांबा, बटण अर्धे दाबून स्टॅबिलायझर क्षणभर स्थिरावू द्या आणि मग लागोपाठ तीन फोटो काढा. पहिल्यात बोटाचा धक्का येतो, मधला बहुधा ठळक निघतो. लेणीत मात्र आधारासाठी भिंतीला टेकू नका; ज्या चित्रासाठी आलो त्यालाच आपला खांदा लागावा हे बरे नव्हे. मागे रांग असेल तर फोटो सोडा आणि डोळ्यांनी पाहा. सोमवारी अजिंठा बंद असतो, हेही सहलीच्या बेतात धरावे.

हे सर्व आम्ही सांगतो म्हणून मानू नका. आज रात्रीच घरात एकच मंद दिवा ठेवा. ज्याच्यात स्टॅबिलायझर आहे असा कॅमेरा शेजाऱ्याचा असला तरी चालेल. १/१० सेकंदाला भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढा. मग त्याच जागेवरून, त्याच वेळेला, खेळणाऱ्या पोराचा काढा. कॅलेंडरवरच्या तारखा वाचता येतील आणि पोराचा चेहरा येणार नाही. दोन्ही फोटो घरातल्या मंडळींना दाखवा, तुम्हाला पुढे कॅलेंडर टिपावयाचे आहे की पोर ते एकत्र बसून ठरवा, आणि मगच बचत गटाच्या कर्जाचा अर्ज भरा.